पाच मुलींचा शेवट

संपणे ही क्रिया आपोआप होत नाही, ती रीतसर करून घ्यावी लागते. माणूस निवृत्त होतो तो वय झाले म्हणून नव्हे, तशी नोंद झाली म्हणून. आमच्या कार्यालयात शाईची बाटलीसुद्धा संपल्याचा दाखला मिळेपर्यंत भरलेलीच धरतात आणि अशा सत्तर भरलेल्या बाटल्या आज भांडारात आहेत (लिहायला पेन आम्ही घरून आणतो). तेव्हा जावककाकांच्या पाच मुलींच्या शेवटाचे जे प्रकरण झाले, त्यात कार्यालयाची बाजू किती भक्कम होती हे कुणीतरी सांगायलाच हवे. मी रजा विभागाचा कारकून, त्यामुळे ते मीच सांगणे नियमाला धरून होईल.

जावककाका म्हणजे आमच्याकडच्या बाहेर जाणाऱ्या टपालावर क्रमांक टाकणारे गृहस्थ. एकतीस वर्षांत त्यांनी एक क्रमांक चुकवलेला नाही आणि एक पत्र उघडून वाचलेले नाही. घरी एकटेच. एक लेक आहे, ती दूरच्या शहरात नोकरीला. ती शाळेत असताना एकदा शाळेच्या कार्यक्रमात गिटार वाजवणार होती. काकांनी अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि ती मंजूरही झाली, फक्त कार्यक्रम होऊन गेल्यावर नवव्या दिवशी झाली. (मंजुरीची प्रत माझ्याकडे आहे. अक्षर सुरेख आहे.) तेव्हापासून लेक बापाशी कामापुरते बोलू लागली आणि पुढेपुढे कामही उरले नाही.

मग या वर्षाच्या सुरुवातीला तिने अचानक काकांना फोनवर एक मालिका पाठवली. सोबत निरोप दोन शब्दांचा: "हे बघा." मालिका जपानी, चित्रांची, हल्लीची मुले ॲनिमे म्हणतात ती. शाळेतल्या पाच मुली मिळून बँड काढतात एवढीच गोष्ट. पहिले तीन भाग सरावाला खोली मिळवण्यातच जातात, त्यामुळे काकांना ती सुरुवातीपासून खरी वाटली. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला नवा भाग लागायचा. तो लागला की लेक फोन करायची, दोघे आपापल्या घरी बघत बसायचे. बेसवाली फार मनाला लावून घेते, असे काका म्हणायचे. हो ना, असे लेक म्हणायची. चोवीस मिनिटांत अशी चार-पाच वाक्ये व्हायची. काकांचा आठवडा त्यावर निघायचा.

तेविसाव्या भागात ड्रमवाली बाकीच्या चौघींशी भांडून, काठ्या टाकून निघून गेली, आणि पुढचा भाग शेवटचा असल्याचे जाहीर झाले. तो तासाभराचा होता आणि गुरुवारी दुपारी चारलाच लागणार होता. ड्रमवालीचे काय होईल याची काकांना काळजी होतीच, पण खरी काळजी वेगळी होती. मालिका संपल्यावर पोरगी फोन कशाला करेल, असे त्यांनी आवकबाईंना बोलून दाखवले. (आवकबाई म्हणजे आत येणारे टपाल घेणाऱ्या. दोघांची टेबले समोरासमोर आहेत, त्यामुळे पत्रांच्या आधी गप्पांची देवाणघेवाण होते.) त्या तासाभरात लेकीला एक गोष्ट विचारायचीच असे काकांनी मनाशी ठरवले आणि शुक्रवारी सकाळी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज भरला.

इथे आमच्या अर्जाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. त्यात नाव, हुद्दा, आजोळचा पत्ता आणि रक्तगट यांना ऐसपैस जागा आहे. 'कारण' या रकान्यात मात्र तीनच शब्द मावतात. कारणे जितकी लांब तितकी खोटी, असे अर्जाचा नमुना ठरवणाऱ्यांचे मत होते. रकान्याबाहेर लिहिलेले वाचू नये, असा स्थायी आदेशही आहे. काकांना लिहायचे होते, शाळेतल्या पाच मुलींच्या बँडच्या मालिकेचा शेवटचा भाग. ते नियम पाळणारे गृहस्थ असल्यामुळे त्यांनी लिहिले, 'पाच मुलींचा शेवट'.

अर्ज साहेबांपुढे गेला तेव्हा साहेबांनी नियमपुस्तक मागवले. जवळची व्यक्ती गेल्यास माणशी तीन दिवस, असा नियम आहे. पाच त्रिक पंधरा. अर्धा दिवस मागणाऱ्याला पंधरा दिवस देणारे दुसरे कार्यालय मला कुणी दाखवावे. सोमवारी शोकसभा झाली. प्रत्येकीसाठी दोन मिनिटे याप्रमाणे दहा मिनिटे स्तब्धता पाळण्यात आली (सातव्या मिनिटाला साहेबांना खुर्ची देण्यात आली). काका टपाल टाकून परत आले तेव्हा सगळे उभे होते. आपल्यापैकी कुणी गेले असावे असे समजून तेही उभे राहिले, आणि सगळे बसल्यावरही बराच वेळ उभे होते.

सेवापुस्तकात काकांना एकच मुलगी असल्याची नोंद आहे, हे मी त्याच दुपारी शोधून काढले. म्हणजे चार मुलींची माहिती त्यांनी दडवली होती. सबब एक सांत्वनपत्र आणि एक कारणे दाखवा नोटीस, अशी दोन्ही एकाच पाकिटात घालून काढण्यात आली. पाकीट बाहेर जाणारे असल्यामुळे त्यावर काकांनीच क्रमांक टाकला, शिरस्त्याप्रमाणे वाचले नाही, आणि मंगळवारी सकाळी ते आवकबाईंकडून त्यांच्याच हाती आले.

काका धावत साहेबांकडे गेले. मी तिथेच होतो.

"साहेब, कुणी गेलेलं नाही," ते म्हणाले. "त्या मुली चित्रातल्या आहेत."

"शेवटी सगळ्यांना चित्रातच जायचं असतं," साहेब हळुवारपणे म्हणाले.

पुढे पाऊण तास लागला, पण साहेबांच्या लक्षात आले. मात्र तोवर पाच मृत्यूंची नोंद झाली होती, शोकठराव मंजूर झाला होता आणि तो वरच्या कार्यालयाला कळवलाही होता. मृत्यूची नोंद रद्द करायची तर मृत व्यक्तीने स्वतः येऊन, ओळख पटवून, तसे लिहून द्यावे लागते. पाचजणींना हे शक्य नसल्यामुळे साहेबांनी उदार मनाने पर्याय काढला. त्या जिवंत आहेत की नाहीत हे कार्यालयच जाऊन, म्हणजे बसून, बघेल. तोवर पंधरा दिवसांची रजा स्थगित ठेवून समिती नेमण्यात आली. अध्यक्ष साहेब, सदस्य आवकबाई, सचिव मी.

मंगळवार आणि बुधवार मिळून समितीने सभागृहात तेवीस भाग तपासले. नऊ तास बारा मिनिटे झाली. इतके सलग काम आमच्याकडे पूर्वी झाल्याचे कुणाला आठवत नाही. पहिल्या भागावर साहेबांचा अभिप्राय 'आवाज फार' असा आहे. तिसऱ्यावर 'खोलीसाठी मुलींनी योग्य मार्गाने अर्ज केला, समाधानकारक'. नवव्या भागात कीबोर्डवाली एकटीच जेवते, तिथे आवकबाई रडल्या, सबब चहा. चौदाव्या भागापासून लेखा विभाग दाराशी उभा राहून बघू लागला, सतराव्यापासून बसून. बुधवारी संध्याकाळी ड्रमवालीने काठ्या टाकल्या तेव्हा सभागृहात चाळीस माणसे होती आणि एकालाही घरी जायचे नव्हते. मी लगेच मतमोजणी घेतली. ती परत येईल असे सव्वीस, येणार नाही असे नऊ, आणि पाच जणांना मत नव्हते (त्यांना झोप लागली होती).

समितीपुढे आता गंभीर प्रश्न उभा राहिला. ड्रमवाली परत आली नाही तर मुली पाच नव्हे, चारच ठरतात आणि मूळ अर्ज खोटा पडतो. तेव्हा शेवटच्या भागाची प्रत्यक्ष पाहणी करणे भाग होते. गुरुवारी चार वाजता सर्व कर्मचाऱ्यांनी कामावर समजून सभागृहात हजर राहावे, असे परिपत्रक निघाले. त्यावर जावक क्रमांक काकांनीच टाकला. अर्जदाराने स्वतःच्या चौकशीत बसू नये हा संकेत आहे, आणि टपालाची खिडकीही उघडी ठेवावी लागते. दोन्ही गोष्टींचा मेळ काकांना खिडकीवर बसवल्याने बसत होता.

"मग मला अर्धा दिवस रजा तरी द्या," काका म्हणाले. "मी घरी जाऊन बघतो."

साहेबांनी मान हलवली. "तुमच्याच मुलींचं काम चाललंय काका. तुम्ही नसलात तर कसं दिसेल?"

गुरुवारी चार वाजता दिवे मालवले. इमारतीत इतकी शांतता मी शोकसभेतसुद्धा अनुभवली नव्हती. चौघी मंचावर आल्या, ड्रममागची जागा रिकामी होती. साहेबांनी माझा दंड घट्ट धरला. नेमके तेव्हाच त्यांच्या ध्यानात आले की आजच्या इतिवृत्ताला जावक क्रमांक घेतलेला नाही, आणि त्यांनी मला बाहेर पिटाळले.

काका खिडकीपाशी बसले होते. दोन्ही हात नोंदवहीत, म्हणून फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावलेला. सभागृहातले संगीत भिंतीतून ऐकू येत होते आणि तेच संगीत फोनमधून, जरा मागे.

"बाबा, बघताय ना?" लेकीने विचारले.

"बघतोय की."

"गाणारीनं आज कुठल्या रंगाचं घातलंय?"

काकांनी भिंतीकडे पाहिले. मग त्यांनी पेन खाली ठेवले. "दिसत नाही गं मला," ते म्हणाले. "ऑफिसातच आहे. रजा नाही मिळाली."

मी इतिवृत्त पुढे केले. काकांनी माझ्याकडे न बघता त्यावर क्रमांक टाकला. क्रमांक बरोबर होता.

"पुढच्या गुरुवारी बघायला काही नसेल," ते फोनला म्हणाले. "तरी फोन करशील का?"

तेवढ्यात आत टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मी कागद उचलून पळालो. लेकीने काय उत्तर दिले ते मला माहीत नाही.

पुढे सगळे यथास्थित झाले. नोंद रद्द झाली, नोटीस मागे घेतली, आणि काकांचा अर्ज मूळ मागणीप्रमाणे, अर्ध्या दिवसासाठी, मंजूर झाला. पुढच्या गुरुवारी साडेसहाला काका खिडकी बंद करून फोन समोर ठेवून बसलेले मला जाता जाता दिसले. तो वाजला की नाही ते सांगता येत नाही, कारण आम्ही सगळे सभागृहात होतो. दीपगृहात राहणाऱ्या चार बहिणींची एक नवीन मालिका सुरू झाली आहे.

हे प्रकरण मी आजवर चौदा जणांना सांगितले. चौदाही जण लेकीचे ऐकून हळहळले, असे कसे तुमचे कार्यालय म्हणाले, आणि मग जरा थांबून, आवाज खाली आणून, एकच गोष्ट विचारू लागले. तुम्हीही हळहळला असाल, त्याबद्दल शंका नाही. तुमचे विचारण्याचे कष्ट वाचवतो. ड्रमवाली आली.