एक थेंबही सांडणार नाही!

"एक थेंब! एक थेंब जरी जमिनीवर सांडला ना, तर नाव बदलेन मी!" जावईबापूंनी छातीवर हात मारून जाहीर केलं.

"काय ठेवाल?" कपड्यांच्या घड्या घालता घालता बायकोने मानही वर न करता विचारलं.

दुसऱ्याच्या उत्साहावर पाणी ओतायची ही हातोटी तिला वडिलांकडून आली होती. आणि सगळी भानगड त्या वडिलांचीच होती. आप्पा, म्हणजे जावईबापूंचे सासरे, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. उभं आयुष्य गळत्या शोधण्यात गेलेलं. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी माणसांच्या आधी नळांची विचारपूस करत. खिशात रुमाल विसरतील, पण मळून लावायची पुट्टी कधी विसरणार नाहीत!

अशा माणसाचा जावई विमा कंपनीत कागद सरकवणारा! एकदा जावईबापूंनी भिंतीवर घड्याळ लावलं. आप्पांनी मान तिरकी करून ते पाहिलं, आणि दुपारी जावई झोपलेले असताना गुपचूप उतरवून पुन्हा लावलं. बोलले काहीच नाहीत. अहो, बोलले असते तर परवडलं असतं!

तेव्हापासून जावईबापूंना या जगात एकच गोष्ट हवी होती. आप्पांच्या तोंडून 'शाबास'. मागेपुढे काही नको, नुसतं 'शाबास'.

त्यासाठीच हा घाट घातला होता. सोफ्याएवढी लांब माशांची टाकी, आणि तिचं सगळं पाइपकाम स्वतःच्या हाताने! टाकीच्या कोपऱ्यात काचेचा एक कप्पा. पाणी काठाला आलं की त्या कप्प्यात सांडायचं, जाड पाइपाने खालच्या कपाटात ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत उतरायचं, तिथे गाळून स्वच्छ व्हायचं, आणि पंपाने बारीक पाइपातून पुन्हा वर चढायचं. हापिसातल्या फायलीसारखं! खाली-वर, खाली-वर, हालचाल भरपूर, निकाल काही नाही.

"पण लाइट गेली तर?" बायकोने विचारलं.

"अगं, तिथेच तर खुबी आहे!"

खुबी खरंच होती. पंप बंद पडला, की वर पाणी चढवणारा पाइप फितूर होतो आणि तेच पाणी उलटं खाली ओढायला लागतो. खालची टाकी भरते, आणि मग घराचा तलाव होतो. त्यावर उपाय म्हणून जावईबापूंनी त्या पाइपाला, पाण्याच्या जरा वर, एक बारीक भोक पाडलं होतं. पंप थांबला की भोकातून हवा आत शिरणार, पाण्याची ओढ तुटणार, विषय संपला! पंप चालू असताना मात्र त्या भोकातून एक नाजूक चिळकांडी उडायची आणि चुर्र करून काचेवर आपटायची. जावईबापूंना त्यात टाळ्यांचा आवाज यायचा.

सुटीच्या दिवशी आप्पा आले. चहानंतर प्रात्यक्षिक ठरलं होतं. जावईबापू बिस्किटं आणायला खाली गेले, बायको स्वयंपाकघरात, आणि आप्पा टाकीपाशी एकटे!

चुर्र.

आप्पांच्या काळजात कळ उठली. गळती! जावयाच्या घरात, भर दिवाणखान्यात, राजरोस गळती! एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. पण लेकीने बजावून ठेवलं होतं, "आप्पा, त्यांनी जीव ओतून केलंय. काही उणं काढू नका." उणं काढू नका म्हणाली होती, बुजवू नका म्हणाली नव्हती! आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं, पंपाचं बटण क्षणभर बंद केलं, खिशातली पुट्टी मळून भोकावर दाबली, अंगठ्याने गुळगुळीत केली, बटण पुन्हा चालू केलं आणि गुप्तदान करून आलेल्या सावकारासारखे सोफ्यावर येऊन बसले.

जावईबापू परतले ते बोलतच. स्वतःच्या आवाजापुढे त्यांना चुर्र थांबलेलं कुठून ऐकू येणार?

"आप्पा, समजा, आता लाइट गेली."

"का जाईल? बिल भरलं नाही?"

"नुसतं समजा हो!"

"बरं, समजलो."

जावईबापूंनी जादूगाराच्या ऐटीत बटण बंद केलं. वरच्या टाकीतलं पाणी उतरू लागलं.

"हे एवढं उतरणारच. आता थांबेल बघा."

पाणी उतरतच होतं.

"थांबायलाच आलंय."

"जावईबापू," आप्पा पायाकडे बघत म्हणाले, "माझे मोजे ओले का होतायत?"

कपाटाच्या दारातून पाणी बाहेर आलं होतं, आणि घरचंच असल्यासारखं सगळ्या खोल्या बघत फिरत होतं. बायको धावत आली, कपाटात जमिनीवर ठेवलेला वायरींचा बोर्ड तिला दिसला, आणि तिने खटकन घराचा मेन स्विच बंद केला.

"अगं, काय केलंस! पंप चालू केला असता तर पाणी वर गेलं असतं!"

"आणि पाठोपाठ आपणही!"

"मेन व्हॉल्व्ह बंद करा!" आप्पांच्या अंगात खातं संचारलं.

"याला मेन व्हॉल्व्ह नाहीये, आप्पा!"

"नाही? कुठल्या गाढवाने..." एवढ्यात त्यांना लेकीची नजर दिसली. "म्हणजे, कुठल्या कारागिराने केलंय हे?"

मग बादल्या आल्या, पातेली आली, कुकर आला, फुलदाणीही आली. जावईबापू भरत होते, बायको ओतत होती, आप्पा हुकूम सोडत होते. टाकीतले मासे तेवढे शांत. त्यांच्यापुरतं छत खाली येत होतं, पण तक्रार नाही.

तक्रार खालून आली! खालच्या मजल्यावर दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना. हातमोजे घातलेले डॉक्टर दारात उभे होते.

"काय चाललंय वर? माझा पेशंट तोंड उघडून बसलाय, आणि छतातून धार थेट त्याच्या तोंडात! तो बिचारा खुणेने विचारतोय, थुंकू की गिळू?"

"मग? काय सांगितलंत?" बायकोच्या हातातला कुकर तसाच राहिला.

"चूळ भरा म्हणालो! मला वाटलं, माझंच पाणी मारायचं यंत्र!"

इतक्यात टाकीतून 'घुर्रर्र' असा ढेकर आला. पाणी उतरून उतरून पाइपाचं तोंड उघडं पडलं होतं. पाणी थांबलं. जावईबापूंनी पाइपाकडे निरखून पाहिलं. भोकाच्या जागी पुट्टी! आणि तिच्यावर अंगठ्याचा ठसा इतका ठसठशीत, की कोर्टात चालला असता.

घड्याळ आठवलं. उभ्या जन्मात पहिल्यांदाच जावईबापू बरोबर होते, आणि पुरावा समोर होता!

"चूक कोणाची ही?" डॉक्टर गरजले.

जावईबापूंनी बोट उचललं. पण आप्पा मध्ये आले.

"डॉक्टर, आवाज खाली. जावई आहे तो माझा. मनापासून केलंय त्याने. नाही जमलं. तुमचं छत मी जातीने नीट करून देतो, पण त्याला बोलायचं काम नाही."

त्याला बोलायचं काम नाही! लग्न झाल्यापासून आप्पा जावयाच्या बाजूने उभे राहिले होते ते आज, आणि तेही घोटाभर पाण्यात! जावईबापूंनी मनातल्या मनात दोन्ही पारडी तोलली. खरं सांगितलं तर आपण जिंकणार आणि आप्पा हरणार. आणि हरलेला सासरा काही शाबास म्हणत नसतो.

उचललेलं बोट त्यांनी मिटलं आणि पुट्टीवर अख्खा तळहात ठेवला.

"चूक माझीच, डॉक्टर."

आप्पा वळले. त्यांनी जावयाकडे असं पाहिलं, जसं कोरड्या नळाला पाणी आलेलं पाहावं.

"शाबास!" त्यांनी जावईबापूंच्या ओल्या पाठीवर थाप मारली. "खात्यात हयात गेली माझी, पण 'चूक माझी' म्हणणारा माणूस आजच बघतोय!"

बायकोने नवऱ्याच्या तळहाताकडे पाहिलं, मग वडिलांच्या अंगठ्याकडे, आणि मुकाट्याने फडकं पिळलं.

टाकी अजून आहे. पाइपाला शेजारीच नवं भोक पाडलंय, चिळकांडी पुन्हा उडते. फक्त आप्पा यायचे असले, की जावईबापू सकाळपासून टाकीला पाठ लावून खुर्ची टाकतात. चहा तिथेच, वर्तमानपत्र तिथेच. बिस्किटं आणायला बायको जाते. आप्पा उठून जवळ आले, की हे उभे राहतात. आप्पा डावीकडे झुकले, की हेही डावीकडे झुकतात.

"माशांवर फार जीव आहे गं त्याचा," आप्पा परवा लेकीला कौतुकाने म्हणाले.

"हो ना," ती म्हणाली, "तुम्ही आलात की जरा जास्तच!"