निळी सहा बाय तीन

या शहरात मला कधी कुणाला पत्ता विचारावा लागत नाही. विचारायचाच तर लोकांनी मला विचारावा. निम्म्या दुकानांच्या पाट्या माझ्या हातच्या आहेत, आणि उरलेल्या निम्म्या वाईट आहेत. त्यामुळे डॉक्टरांनी माझा उजवा खांदा दाबून "आखडलाय. गोळ्यांनी होणार नाही, फिजिओथेरपी करून घ्या" असं सांगितलं, तेव्हा मी अजिबात घाबरलो नाही. बायकोने लगेच पर्समधून सरकारी विमा कार्ड काढलं. हे कार्ड तिने अख्खी सुट्टी रांगेत घालवून मिळवलं होतं, आणि तेव्हापासून घरात कुणीतरी थोडंसं तरी आजारी पडावं याची ती वाट बघत होती.

"हे कुठे चालतं ते मी फोन करून विचारते," ती म्हणाली.

"फोन कशाला? या शहरातल्या पाट्या लिहिल्या कुणी? संध्याकाळच्या आत शोधून दाखवतो."

"बरं," ती म्हणाली. माझ्या बायकोचं 'बरं' ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल, तो होकार नसतो.

खांद्याने दगा दिला तोही नेमक्या वेळी. फ्लेक्सची मशीनं आल्यापासून हाताने रंगवणाऱ्याला विचारतो कोण? माझ्या दुकानासमोरच एक फ्लेक्सवाला बसलाय. बटण दाबतो आणि चहा पितो, तेवढ्यात पाटी तयार. अशा दिवसांत शाळेच्या मोठ्या बाईंनी मला शाळेची अख्खी भिंत दिली होती. खाली पाढे, मध्ये चित्रं आणि सगळ्यात वर, लांबून दिसेल अशा मोठ्या अक्षरांत शाळेचं नाव. "शाळा उघडायच्या आत पूर्ण पाहिजे," त्यांनी बजावलं होतं, "नाहीतर समोरच्याकडून फ्लेक्स आणून टांगते." म्हणजे ही भिंत गेली की पुढची प्रत्येक भिंत गेली. आणि माझा हात शर्टाच्या खिशाच्या वर जायला तयार नव्हता.

"मग शिडीच्या अजून वरच्या पायरीवर उभे राहा," बायकोने सुचवलं.

शिडीच्या शेवटच्या पायरीवर धरायला काही उरत नाही, फक्त देवाचं नाव उरतं. पण हे तिला सांगून उपयोग नव्हता.

त्यातच एक बाई रोज फोन करायच्या. त्यांचं नाव मला माहीत नव्हतं. आमच्यात गिऱ्हाईक नावाने लक्षात ठेवत नाहीत, मापाने ठेवतात. ह्या निळी सहा बाय तीन. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, सहा फूट बाय तीन फूट. मजकुराचा कागद त्या देऊन गेल्या होत्या, तो मी पाटीच्या मागे खोचून ठेवला होता. मजकूर मी आधी वाचत नाही. आधी वाचला की मत तयार होतं, आणि मत तयार झालं की अक्षर वाकडं येतं. ब्रश हातात घ्यायचा आणि एकेक अक्षर काढत जायचं, लिहून होईपर्यंत वाचून होतं. ह्यांच्या पाटीला निळा रंग देऊन झाला आणि खांदा गेला. अंगात जी काही ताकद उरली होती ती मी शाळेच्या भिंतीसाठी राखून ठेवली, आणि निळी दुकानातच तोंड भिंतीकडे करून उभी केली.

"पेंटर, झाली का पाटी?"

"रंग वाळतोय, मॅडम."

"अहो, तो कालही वाळत होता."

"हवा दमट आहे. पांढरा रंगही यायचाय. उद्या नक्की."

'उद्या' हा आमच्या धंद्यातला सगळ्यात टिकाऊ रंग आहे.

तर निघालो फिजिओथेरपी शोधायला. सगळ्यात आधी आठवली ती मीच रंगवलेली एक जुनी पाटी, 'हाडे व सांधे, व्यायामोपचार'. पाटी जागच्या जागी होती, लाल अक्षरांना पिवळी सावली, अजून नवी वाटावी अशी. दार ढकलून आत गेलो तर सगळीकडे सोफे. एकाने मला खांद्याला धरून त्यातल्या एका सोफ्यात बसवलं आणि कडेचा दांडा ओढला. माझे पाय वर गेले, डोकं खाली गेलं. नवीन उपचार असेल म्हणून मी गप्प पडून राहिलो.

"कसं वाटतंय?" त्याने विचारलं.

"पाठीला बरं वाटतंय. पण दुखतो खांदा."

"मग ह्याच्यात डोक्याला उशी येते ते मॉडेल बघा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो सोफ्याचा दुकानदार होता. व्यायामोपचारवाले केव्हाच जागा सोडून गेले होते.

"अहो, मग पाटी का नाही काढली?"

"इतकं सुंदर अक्षर, काढायला जीव होईना," तो म्हणाला.

आता अशा माणसाशी भांडणार कसं? मी त्याचे आभार मानले. सोफ्यातून मला दोघांनी मिळून उठवलं.

दुसरं क्लिनिक काचेचं होतं, पाटी छापील होती, आणि ती बघूनच माझं मन खट्टू झालं. काउंटरवरच्या मुलीने कार्ड उलटसुलट बघितलं.

"चालतं," ती म्हणाली. मी मनातल्या मनात बायकोला जाऊन सांगितलंसुद्धा. "पण आमच्याकडे ह्याच्यावर फक्त गुडघा होतो. खांदा नाही होत."

"का?"

"आम्हाला गुडघ्याचीच मंजुरी आहे."

मी बाहेर आलो, कोपऱ्यावर थोडा वेळ घुटमळलो, आणि लंगडत परत आत गेलो. म्हटलं, एकदा टेबलावर झोपलो की बोलता बोलता खांद्याचा विषय काढू. काउंटरवर तेवढ्यात दुसरी मुलगी आली होती. माझं नशीब जोरावर आहे असं मला वाटलं.

आतला फिजिओथेरपिस्ट चांगला दणकट होता. त्याने माझा गुडघा वाकवला, सरळ केला, फिरवला, परत वाकवला.

"कमाल आहे. या वयात इतका चांगला गुडघा मी बघितला नाही," तो म्हणाला.

"आतून दुखतो," मी म्हणालो.

"आतून? मग खोलवर जायला पाहिजे." आणि त्याने आपलं सगळं वजन माझ्या निरोगी गुडघ्यावर टाकलं. मी ओरडलो. "सापडलं," तो खूश होऊन म्हणाला. मग त्याने मला उभं केलं. "आता दोन्ही हात वर करून उठाबशा काढा."

डावा हात वर गेला. उजवा खिशापाशी थांबला.

"हा का जात नाही वर?"

"गुडघ्यामुळे," मी म्हणालो.

ह्यापुढे काय झालं ते सविस्तर सांगत नाही. कार्ड माझ्या हातात देऊन त्यांनी मला दारापर्यंत सोडलं. आत जाताना मी खोटा लंगडत होतो, बाहेर पडताना खरा.

त्याच अवस्थेत घराकडे येत होतो, तर समोरून निळी सहा बाय तीन. पळणं शक्य नव्हतं. मी जे पहिलं दार दिसलं त्यात शिरलो आणि गुंडाळी करून उभ्या ठेवलेल्या एका फ्लेक्समागे उभा राहिलो. दार फ्लेक्सवाल्याचं होतं.

"या, पेंटर," तो म्हणाला. "शेवटी आलातच आमच्याकडे." मग त्याचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "हात का धरून ठेवलाय?"

"सवय आहे."

"वर करून दाखवा बरं." मी दाखवला नाही. तो गालातल्या गालात हसला. "शाळेच्या भिंतीवर वरची ओळ आहे म्हणतात. मोठ्या बाईंना माझा नंबर देऊन ठेवू का?"

पंचवीस वर्षं या हाताने घर चालवलं, आणि आता तो खिशाच्या वर जाईना म्हणून माझी भिंत हा बटण दाबून घेणार. घरी येऊन मी गुपचूप खुर्चीत बसलो. बायकोने माझ्याकडे बघितलं, गुडघ्याकडे बघितलं. फोन उचलला आणि विम्याच्या ऑफिसला लावला. दोन मिनिटं "हो का", "अच्छा", "खांद्याला पण?" एवढंच चाललं होतं.

"मिळालं," फोन ठेवून ती म्हणाली. "आपल्या गल्लीत आहे. औषधांच्या दुकानाच्या वर, पहिला मजला."

"शक्यच नाही. तिथे तसली पाटीच नाही."

"पाटी नाही म्हणून क्लिनिकच नाही का?"

"पाटी नाही तर क्लिनिक कसलं?" मी म्हणालो. आणि हे तत्त्व म्हणून मी आजही मानतो.

तिने मला जिना चढायला लावला, दुखऱ्या गुडघ्याने. वर एक स्वच्छ खोली, नवीकोरी टेबलं, भिंतीला लावलेल्या दोऱ्या आणि चाकं, आणि पेशंट एकही नाही. खिडकीपाशी एक बाई पाठमोऱ्या बसून फोन लावत होत्या. माझ्या खिशातला फोन वाजायला लागला. त्या वळल्या.

"पेंटर," त्या म्हणाल्या, "पाटी घेऊन आलात?"

बायकोने आळीपाळीने दोघांकडे बघितलं. "कुठली पाटी?"

पुढच्या काही मिनिटांत बायको माझ्या दुकानात जाऊन आली. येताना तिच्या हातात पाटीमागे खोचलेला तो कागद होता. तिने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. "फिजिओथेरपी केंद्र. खांदा, मान, पाठ, गुडघा. येथे सरकारी विमा कार्ड चालते."

मी कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. मजकूर तोच होता.

"पाटी नाही म्हणून पेशंट येत नाहीत," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आणखी एक महिना असंच गेलं तर मला ही जागा सोडावी लागेल. पाटी का होत नाहीये?"

"खांदा आखडलाय," मी म्हणालो.

"आणि खांदा का बरा होत नाहीये?"

"पाटी नव्हती ना," मी म्हणालो. बायकोने कपाळाला हात लावला.

मॅडम मात्र हुशार बाई. त्यांनी निळी पाटी वर मागवली, भिंतीला टेकवून उभी केली आणि ब्रश माझ्या उजव्या हातात दिला. "हाच तुमचा व्यायाम. खालच्या ओळीपासून सुरू करा. रोज पाटी थोडी वर चढवू." खांदा शेकायचा, त्या हात धरून वर न्यायच्या, मी आईचं नाव घ्यायचो, आणि मग एक ओळ लिहायची. उलटी पाटी मी जन्मात लिहिली नव्हती. 'चालते' आधी लिहिलं, 'फिजिओथेरपी' शेवटी. ती ओळ पूर्ण झाली तेव्हा माझा हात कानाच्या वर गेला होता. पाटी लागली त्या दिवशी मॅडम रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहून कितीतरी वेळ ती नुसती बघत होत्या. खोटं कशाला सांगू, माझेही डोळे भरून आले.

इकडे शाळेची भिंत खालून वर भरत चालली. पाढे झाले, चित्रं झाली. वरची ओळ तेवढी राहिली. मॅडमनी सांगून ठेवलं होतं, "इतक्या उंचीला हात नेण्याआधी माझ्याकडे या." शाळा उघडायच्या आदल्या सकाळी मी त्यांच्याकडेच निघालो होतो, तेवढ्यात मोठ्या बाईंचा फोन आला.

"नाव कधी होणार?"

तोंडात शब्द तयार होता. बायको समोर उभी होती.

"आज," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणालो असेन.

क्लिनिक राहू दिलं आणि तडक शिडी चढलो. हात वर गेला, आणखी वर गेला, आणि शाळेचं नाव असं उतरलं की खाली फ्लेक्सवालाही मान वर करून बघत राहिला. शेवटचं अक्षर संपवलं, ब्रश तोंडात धरला आणि हात खाली घ्यायला गेलो. हात खाली येईना. कट्ट करून आवाज झाला होता आणि तो वरच अडकला होता.

तसाच हात वर धरून रस्त्याने निघालो. ओळखीच्या चार जणांनी मला लांबून परत हात केला. जिन्यापाशी पोहोचलो तर वरपासून खालपर्यंत रांग. कुणाची मान, कुणाची पाठ, सगळ्यांच्या हातात सरकारी कार्ड. सोफेवाला होता. माझ्यामागून लगबगीने येऊन पुढे घुसलेला फ्लेक्सवालाही होता, कमरेवर हात ठेवून.

"तुम्ही इथे कसे?" मी विचारलं.

"पाटी वाचली," तो म्हणाला. "हाताने लिहिलेली होती, म्हटलं खरी असणार."

मी लोकांना बाजूला सारत वर गेलो. "मॅडम, माझं अर्जंट आहे."

मॅडमनी एका पेशंटची मान सोडून माझ्याकडे बघितलं, माझ्या वर गेलेल्या हाताकडे बघितलं.

"पेंटर, हात वर केला म्हणून नंबर आधी लागत नाही," त्या म्हणाल्या. "आणि आज हवाही दमट आहे. उद्या या."