शांताबाई आधी की अरुणाताई?

"एका वीकेंडचं काम आहे!" प्रज्ञेशने जाहीर केलं. "शनिवारी आजी शोधतो, रविवारी फ्रेम करतो, सोमवारी यादवरावांच्या हातात देतो. विषय संपला!"

ऋचाने भांडी विसळता विसळता नुसती मान हलवली. नवऱ्याचं वीकेंडचं काम म्हणजे आपलं वर्षाचं काम, हे तिला अनुभवाने कळून चुकलं होतं. त्याने असंच एका वीकेंडात बाथरूमच्या टाइल्स बदलायला घेतल्या होत्या आणि मग सगळं कुटुंब दोन महिने टॉवेल खांद्यावर टाकून शेजारच्या पंजाबी आजींकडे अंघोळीला जात होतं. आजी अजूनही रस्त्यात भेटल्या की पाणी गरम येतंय का, विचारतात.

झालं होतं असं, की इंग्लंडातल्या हाउन्सलोच्या मराठी मंडळाला कम्युनिटी सेंटरमध्ये स्वतःची एक खोली मिळाली. अध्यक्ष यादवरावांनी ठरवलं, की या भागात सगळ्यांत आधी आलेल्या मराठी बाईचं नाव खोलीला द्यायचं. "पुरुषांची नावं पुष्कळ झाली!" असं ते भर सभेत म्हणाले. हे वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होते आणि तेही शेजारी बायको बसली होती म्हणून. लगेच प्रज्ञेशने हात वर केला. "माझी आजी! शांताबाई! सत्तावन्न साली आली!"

पुरावा काय, तर एक फोटो. हाउन्सलोची पाटी असलेल्या बस स्टॉपजवळ साडीवर कोट घालून उभी असलेली एक बाई. उन्हाने एक डोळा बारीक केलेला आणि बाजूला कुणाचा तरी अर्धा कुत्रा. हा फोटो ऋचाच्या सासऱ्यांच्या, राजेंद्रबाबांच्या पाकिटात असे. ते पाच वर्षांचे असताना त्यांची विधवा आई नर्सची नोकरी धरून विलायतेला गेली. सासरच्यांनी "पळून गेली" म्हणून तिच्यावर फुली मारली. घरात तिचं नाव काढायची बंदी. हा एक फोटो कसा कोण जाणे पोराच्या हाती लागला, तो त्याने दप्तरात लपवला, मग पाकिटात. पाकिटात मावावा म्हणून कापला, त्यात अर्धा कुत्रा गेला.

बाबांनी आयुष्यात मुलाकडे एकच गोष्ट मागितली होती. प्रज्ञेशला कार्गोमधली नोकरी लागली आणि सगळे इकडे यायला निघाले, तेव्हा ते म्हणाले, "घर हाउन्सलोला घ्या." म्हणून ऋचा रोज फेल्टमहून ट्रेन पकडून ब्रॅकनेलच्या ऑफिसला जाते आणि येताना उभ्या उभ्या झोपते. आता त्यांनी दुसरी गोष्ट मागितली. "तिचं नाव घरात कुणी घेऊ दिलं नाही गं. कुठेतरी लिहिलेलं बघितलं की झालं माझं." तिने भांडी पुसून ठेवली.

शनिवारी प्रज्ञेश वंशावळीच्या वेबसाइटवर बसला तो तीन आठवडे उठला नाही. शांताबाईंचा कुठे मागमूस नव्हता. शेवटी लेस्टरमध्ये एक शांता सापडल्या. "आडनाव जुळत नाही, पण तेव्हाचे गोरे कारकून काहीही लिहायचे!" असं म्हणून हा बर्फी घेऊन लेस्टरला गेला. त्या शांताबेन निघाल्या, गुजराती आणि चांगल्या हयात. शिवाय त्यांना कमी ऐकू येत होतं. नातू आलाय, एवढंच त्यांनी ऐकलं आणि गळ्यात पडून ढसाढसा रडल्या. याला "मी नातू नाही" म्हणायचा धीर होईना! ढोकळा, हांडवो आणि लोकरीचा मफलर घेऊन तो परत आला. तेव्हापासून दर रविवारी शांताबेनचा व्हिडिओ कॉल येतो आणि तो ऋचाला घ्यावा लागतो, कारण प्रज्ञेशला गुजराती येत नाही. ऋचालाही येत नाही, पण तिला मान हलवता येते.

एवढ्यात मंडळाच्या सभेत बाँब पडला. सत्तरीचे मुरलीधरकाका उभे राहिले. "पहिली बाई शांताबाई नव्हे, माझी अरुणाआत्या! आमच्याकडे पुरावे आहेत!" आणि होतेच. हॉस्पिटलचा बिल्ला होता, निवृत्तीला मिळालेलं घड्याळ होतं, आत्याची सायकलसुद्धा होती. सायकल तर त्यांनी सभेत चालवत आणली!

"सायकलीवरून काय सिद्ध होतं?" प्रज्ञेश ओरडला.

"फोटोतल्या कुत्र्यावरून काय सिद्ध होतं?" काका फोटोकडे न बघताच ओरडले.

झालं! मंडळात शांतागट आणि अरुणागट पडले. दिवाळीच्या फराळाला दोन टेबलं लागली. शांतागटाचा चिवडा अरुणागट खाईना. संक्रांतीला तर कमालच झाली, "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणत दोन्ही गट पाठ फिरवून उभे! व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळच्या सुप्रभातालाही गटागटाने उत्तरं जाऊ लागली. यादवरावांचं ब्लडप्रेशर वाढलं. बाबांनी मात्र सभेला येणंच सोडलं. "माझ्या आईवरून भांडणं नकोत," एवढंच ते म्हणाले आणि फोटो परत पाकिटात गेला.

ते पाकीट बंद होताना ऋचाने पाहिलं आणि तिला वाईट वाटलं. मग यादवरावांचा फोन आला. "ऋचा, तूच आता काहीतरी कर. मुरलीधरची श्रद्धा तुझी मैत्रीण ना?" सगळ्यांची भांडणं मिटवायला नेहमी तीच कशी सापडते, हा प्रश्न तिने गिळला आणि ऑफिस सुटल्यावर बस धरली.

मैत्रिणी भेटत त्या मंडळातच; या घरी ऋचा पहिल्यांदाच येत होती. दार श्रद्धाने उघडलं. तिचा जन्म इथलाच. मराठी भरभरून बोलते, पण लिंग आपल्या मर्जीने वाटते. "ये ना ऋचा! बाबा खूप अपसेट आहे. बट ऑनेस्टली, आमचा आत्याआजीच फर्स्ट आला होता. माझा बाबाला तिनेच मोठा केला, यू नो."

"हो गं बाई," ऋचा म्हणाली आणि सोफ्यावर बसली. समोरच्या भिंतीवर फोटो होता. साडीवर कोट. बस स्टॉप. एक डोळा बारीक. आणि बाजूला अख्खा कुत्रा, शेपटीसकट!

आतून मुरलीकाका आले, तोवर ऋचा उठून फोटोपुढे उभी होती. "काका, यांचं लग्न झालं होतं?"

"झालं होतं म्हणे. नवरा लवकर गेला. सासरबद्दल ती एक अक्षर बोलायची नाही."

"सासरी नाव बदललं असेल ना?"

"बदललं असेल. त्या काळी बदलायचेच. पण नर्सिंग शिकली ती लग्नाआधी, सर्टिफिकेट अरुणाचं, मग पासपोर्टही अरुणाचाच. का गं?"

त्या काळी! ऋचा कडवट हसली. तिच्या स्वतःच्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने 'ऋचा' लिहिलं होतं, तोवर ती मनाली होती. ऑफिसात अजून मनालीच आहे आणि बँकेत दोन्ही नावांचा घोळ आहे. दोन नावांची बाई शोधायला वेबसाइट लागत नाही, आरसा पुरतो. हे तिला आधी सुचायला हवं होतं, पण उभ्या उभ्या झोपणाऱ्या माणसाला किती सुचणार?

क्षणभर तिला वाटलं, गप्प बसावं. सांगितलं की नवं महाभारत. चहा प्यावा, घरी जाऊन झोपावं. पण मग ते बंद झालेलं पाकीट आठवलं. तिने प्रज्ञेशला फोन केला. "बाबांना घेऊन ये. आत्ता. फोटोसकट. आणि तू तोंड उघडू नकोस."

बाबा आले. पाकिटातला फोटो भिंतीवरच्या फोटोशेजारी धरला. साडी तीच, कोट तोच, बारीक डोळा तोच. प्रज्ञेशने तोंड उघडलं नाही, हा त्या दिवसातला दुसरा चमत्कार.

"तुम्ही... तो राजेंद्र?" मुरलीकाका बाबांकडे वळले. "आत्या मला रागावली की आधी 'राजेंद्र' म्हणायची, मग जीभ चावून 'मुरली'. शेवटपर्यंत. कोण राजेंद्र विचारलं की चहा टाकायला उठायची."

बाबांनी चष्मा काढला. "रागावली की?"

"हो. लाडात असली की मुरलीच. पण बूट पुसले नाहीत, ताटात भात टाकला, की 'राजेंद्र!'"

"म्हणजे मला रागावायची," बाबा म्हणाले. "मला आई रागावायची!" आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस लहान पोरासारखा हसत हसत रडायला लागला. ऋचालाही रडू आवरेना. श्रद्धा म्हणाली, "ओह माय गॉड, म्हणजे अंकल माझी काका आहे!" आणि तीही रडली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. दोन आते-मामेभाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले होते. दोन्ही गटांचा चिवडा आता एका पातेल्यात जाणार होता. ऋचाने पर्स उचलली. तेवढ्यात मुरलीकाका डोळे पुसत म्हणाले, "चला, बरं झालं. आता पाटीवर अरुणा लिहायला कुणाची हरकत नाही."

"अरुणा?" बाबांचा हुंदका मध्येच थांबला. "शांता! माझी आई शांता होती."

"अहो, पण इंग्लंडात आली ती अरुणा! शांता बोटीत बसलीच नाही!"

"बोटीत बसली ती पाच वर्षांच्या पोराला घरी ठेवून. ते पोर शांताचं होतं. अरुणाला कुठे पोर होतं?"

ऋचाने पर्स खाली ठेवली. आयुष्यात कुणाशी चढ्या आवाजात न बोललेले बाबा टेबलावर मूठ आपटत होते. आठवड्याभरात दोन्ही गट पुन्हा उभे राहिले, आता तर नातेवाईक म्हणून जास्तच हक्काने भांडायला! ऋचाने सुचवलं, "शांताबाई ऊर्फ अरुणाताई" लिहा. यादवराव दचकले. "ऊर्फ? ऊर्फ चोरांना लावतात गं!" मग ठरलं, नुसती दोन्ही नावं लिहायची. वर कुठलं आणि खाली कुठलं, यावर एक महिना गेला. शेवटी शेजारी शेजारी, सारख्या आकारात. फूटपट्टी लावून दोन्ही म्हातारे पाटीवाल्याच्या डोक्यावर उभे होते.

पाटी लागली त्या दिवशी बाबांनी 'शांताबाई'वरून बोट फिरवलं, एकेका अक्षरावरून, सावकाश. शेजारी मुरलीकाकांनी 'अरुणाताई'वरून रुमाल फिरवला. बाबांनी पाकिटातला फोटो काढून खोलीतल्या फ्रेममध्ये लावला आणि पाकीट खिशात ठेवलं. चला, संपलं एकदाचं, असं म्हणून ऋचा खुर्चीवर टेकली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच बसल्या बसल्या डोळे मिटत होती.

तेवढ्यात केंब्रिजहून पाहुणं आलेलं एक नवं जोडपं पाटीपुढे थांबलं. बायकोने मोठ्याने वाचलं, "इथे आलेल्या पहिल्या मराठी महिला, शांताबाई, अरुणाताई. अय्या, किती छान! पण दोघींपैकी आधी कोण आलं?"

बाबांनी तोंड उघडलं. काकांनीही उघडलं. पलीकडे दोन्ही गटांच्या माना वळल्या. ऋचा ताडकन उठली.

"दोघी बरोबरच आल्या," ती म्हणाली. "एकाच तिकिटावर."

"एका तिकिटावर दोघी? तेव्हा असं चालायचं?"

"अजून चालतं," ऋचा म्हणाली.