भलत्या बाजूचा हँडब्रेक

रंगनाथ औटी यांच्या मोटारीला हँडब्रेक नव्हता, काकी होत्या.

चढावर किंवा उतारावर मोटार थांबली, की औटीकाका उजवा पाय ब्रेकवर रोवून ताठ बसून राहत. शेजारच्या सीटवरून सगुणाकाकी उतरत, पायाशी ठेवलेला काळा दगड डाव्या हाताने उचलत, मागच्या चाकाखाली सरकवत आणि म्हणत, "सोडा." तो शब्द कानावर पडल्यावरच काका पाय उचलत. दगड नीट लागला आहे की नाही, हे त्यांनी कधी मागे वळून पाहिल्याचे मला आठवत नाही.

मी तेव्हा पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून नगरच्या एका महाविद्यालयात डेमॉन्स्ट्रेटर होते, केडगावात औटींच्या शेजारी खोली घेऊन राहत होते आणि मुंबईच्या एका संशोधनसंस्थेच्या पत्राची वाट पाहत होते. वस्तूचे वजन, लांबी आणि वेग कळला की ती वस्तू कळली, अशी माझी त्या काळी ठाम समजूत होती. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी तो दगड प्रयोगशाळेत नेऊन तोलला. पावणेसात किलो भरला. परत दिला, तेव्हा काकींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि मगच जागेवर ठेवला. जणू मी बदलून दिला असता.

मोटार मूळची विलायती. दोन माणसांची, बिनछपराची, शर्यतीच्या घाटाची. कोणी गोरा साहेब देश सोडताना ती नगरच्या कॅम्पात टाकून गेला आणि पुढे कित्येक वर्षे तिच्यात कोंबड्यांनी अंडी घातली. लष्करी वर्कशॉपात फिटर असलेल्या काकांनी ती भंगारात घेतली. इंजिन जीपचे बसवले, मागचा ॲक्सल तिसऱ्याच गाडीचा, दिवे मोटारसायकलचे. सुट्या चाकाच्या जागी एक फळी ठोकली, जादा माणसासाठी. केडगावात तिला 'बसकी' म्हणत. ॲक्सल बदलला त्या वेळी हँडब्रेकच्या तारांना धरायला काही उरले नाही, म्हणून त्या काढून टाकल्या गेल्या. गिअरमध्ये घालून उभी करावी, तर इंजिन इतके म्हातारे की चढावर गाडी दम खात खात वीतवीतभर मागे येत राही.

असा माणूस हँडब्रेक का बसवत नाही, हा प्रश्न मला पडत असे, कारण त्यांच्या कसबाविषयी शंकेला जागा नव्हती. जेवता जेवता पुणे रस्त्यावरून जाणाऱ्या जीपचा आवाज ऐकून ते घास न थांबवता म्हणत, "तिसरा प्लग मेलाय." एकदा मी धावत जाऊन अशी एक जीप थांबवली. पाथर्डीची होती, आत दहा माणसे कोंबलेली. ड्रायव्हरने बॉनेट उघडले. तिसराच प्लग होता. मी परत आले, तेव्हा काका ताक पीत होते. "चूक दाखवा, भाकरी सोडतो," ते म्हणाले. हे त्यांचे ठरलेले वाक्य. निवृत्त होईपर्यंत आणि नंतरही त्यांची भाकरी कोणाला सोडवता आली नव्हती.

दगडाची हकिकत मला काकींनीच सांगितली. बसकी घेऊन काका पहिल्यांदा सासुरवाडीला, राजूरला गेले. काकींच्या माहेरचे घर ऐन चढावर. मोटार दारात थांबली, सगळे ओवाळायला बाहेर आले आणि जावई काही खाली उतरेना. उतरणार कसा? पाय काढला असता, तर मोटार मागच्या मागे नदीकडे निघाली असती. पण आपल्या मोटारीत काही कमी आहे, हे सासऱ्यांसमोर बोलणे औटींना शक्य नव्हते. सासरच्या मंडळींनी एकच निष्कर्ष काढला: जावई रुसले. आधी नारळ आला. मग टॉवेल-टोपी आली. मग धोतरजोडी. शेवटी चुलतसासऱ्यांनी दुभत्या शेळीचे नाव काढले. काका प्रत्येक गोष्टीला "बरंय, बरंय" म्हणत ताठ बसलेले. चहासुद्धा त्यांनी गाडीतच घेतला.

"आमचा बा मला म्हनला, मानाचा लई भुकेला हाय गं तुझा नवरा," काकी सांगत होत्या. "मी बगितलं, तर ह्यांचा पाय आसा लटलट लटलट. म्हनलं, ह्यो रुसवा न्हाई. बांधाचा दगड उपसला, चाकाला लावला आन् हळूच म्हनलं, सोडा."

"शेळी मातर आली," काका आतून म्हणाले.

तेव्हापासून तो दगड गाडीत आणि ते काम काकींकडे.

मी केडगावात आले, त्याच्या दुसऱ्या वर्षी काकींचे गुडघे गेले. उतरून वाकणे होईना. आणि दगडाबरोबर राजूरही बंद पडले. एसटीची पायरी उंच, शिवाय वाटेत गाड्या बदलायच्या. काकींची आई ऐंशीच्या पुढची. "डोळ्यांनी दिसतंय तवर येऊन जा," असा तिचा निरोप कोणा ना कोणाकडून येत राही. दोन वर्षे झाली. काकांनी काकींची सीट उंच केली, चढायला रुंद पायरी जोडली. दगड लावायला मी येते, असेही मी सांगून पाहिले.

"दगड तुमी लावनार, गाडी हे चालवनार," काकी म्हणाल्या, "मंग मी काय गोनीवानी बसून जाऊ? मी न्हाई जायाची."

चार दिवसांनी काका माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"सायन्सबाई, चढावर उभी गाडी मागं किती जोरानं वडती, ते तुमच्या पुस्तकात आसंल का?"

"चढ किती आहे?"

"सा हाताला एक हात. मेव्हन्यानं दोरी आन् वळंबा लावून मापलाय."

"मोटारीचे वजन?"

ते त्यांनी दुसऱ्या दिवशी आणले. साखर कारखान्याच्या काट्यावर, उसाच्या बैलगाड्यांच्या रांगेत त्यांनी बसकी नेऊन उभी केली होती. काट्यावरच्या कारकुनाने विचारले, "ऊस कुठंय?" काका म्हणाले, "रस काढून झाला." दोन माणसे धरून नऊशे साठ किलो.

मी तीन पाने गणित केले. मागे ओढणारा जोर एकशे साठ किलोंच्या आसपास आला. काकांनी चष्मा लावून तिन्ही पाने लक्षपूर्वक पाहिली. "म्हंजे दीड पोतं ज्वारी," ते म्हणाले. "तसं म्हना की."

पुढचे तीन आठवडे कॉलेज सुटले की मी त्यांच्या परसात जाऊन बसत असे. शिकवायला म्हणून गेले होते, हे कबूल केले पाहिजे. त्यांनी मागच्या दोन्ही चाकांच्या ड्रमांत चाक आवळणारे ब्रेकचे जोडे ओढणाऱ्या पट्ट्या बसवल्या आणि दोन तारा पुढे आणल्या. दोन्ही चाकांवर ओढ सारखी पडली पाहिजे, हे समजावण्यासाठी मी खडू हातात घेतला, तोवर त्यांनी मध्ये एक लोखंडी दांडी टांगलीसुद्धा होती. दोन टोकांना दोन तारा, पुढची ओढ मधोमध.

"जू हाय," ते म्हणाले. "एक बैल मागं ऱ्हायला, तर जू तिरकं हुतं. पन वझं दोगांवर सारखंच." बलांचा हा नियम मला वर्गात दोन तासांत आणि अनेक आकृत्यांत शिकवला गेला होता.

नंतर त्यांनी परसात मातीचा चढ रचला. सहा हाताला एक हात. राजूरचा चढ, मापाबरहुकूम, केडगावात. त्यावर बसकी चढवून ठेवली, ओढायच्या दांड्याला दोरी बांधली, दोरी विहिरीच्या रहाटाच्या चाकावरून घेतली आणि दुसऱ्या टोकाला काकींचा दगड टांगला. गाडी जागची हलली नाही. मग त्यांनी दोरी दांड्यावर थोडी खाली सरकवली, पुन्हा दगड टांगला, पुन्हा सरकवली. केवळ त्या दगडाच्या वजनावर गाडी कशीबशी तोलून राहिली, तिथे त्यांनी खडूची रेघ मारली आणि दांडा त्याहून बोटभर लांब ठेवून कापला. मी माझी पाने काढून त्याच वजनासाठी दांड्याची लांबी गणिताने काढली. माझ्या उत्तरात आणि त्यांच्या रेघेत अंगठ्याच्या रुंदीएवढाही फरक नव्हता.

"पण ओढायला हेच वजन का धरले?" मी विचारले.

"हाताला सवय हाय त्येची."

मी ते वहीत टिपून घेतले.

आणि मग, असे सगळे नेमके जुळवून आणल्यावर, काकांनी तो दांडा डाव्या सीटच्याही डावीकडे, दाराला लागून बसवला. चालक बसतो उजवीकडे. त्याचा हात तिथे पोचायचा, तर तो निदान दोन वीत लांब असायला हवा होता.

"काका, ही चूक आहे," मी म्हणाले.

मी भाकरीच्या वाक्याची वाट पाहत होते. काकांनी चिंधीला हात पुसले, एकेक बोट वेगळे.

"चुकलं आसंल," ते म्हणाले.

"दांडा दोन सीटच्या मध्ये घ्या. फार तर दोन तासांचे काम."

"आता झालं ते झालं."

मला झालेला आनंद इथे लपवण्यात अर्थ नाही. औटींची पहिली चूक मी दाखवली होती. बातमी केडगावभर झाली. लोक दांडा पाहायला येऊ लागले. चहावाला म्हणाला, "काय फिटर, भाकरी कवा सोडताय?" "सोडली," काका म्हणाले. आणि खरोखरच सोडली. त्या दिवसापासून ते भातावर राहू लागले. ज्वारीवर वाढलेला माणूस. तिसऱ्या दिवशी चेहरा उतरला.

काकी काठी टेकत परसात आल्या. दांडा कुठे आहे, हे त्यांनी पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"एवढा मिल्ट्रीचा फिटर, आन् दांडा भलतीकडं? आता ह्यो वडायचा कुनी?"

"माझा हात पुरत न्हाई," काका जमिनीकडे पाहत म्हणाले. "कुनी संगं आसंल, तर जाता यील. नायतर ऱ्हायलं."

काकी पायरीवर पाय ठेवून उंच सीटवर चढून बसल्या. डावा हात दांड्यावर ठेवला आणि ओढला. दातेरी पट्टीवरून तीनदा कट्ट झाले.

"लई काय जड न्हाई," त्या स्वतःशी म्हणाल्या. मग मोठ्याने, "रविवारी निगू. ह्यांच्या एकट्याच्या भरवशावर ही गाडी सोडायची म्हंजे नदीतच जायाची."

मी मागच्या फळीवर बसले. मांडीवर तो दगड घेतला होता, सुरक्षिततेचा गुणांक म्हणून. संगमनेरला थांबलो, अकोले गावात थांबलो. प्रत्येक वेळी कट्ट, कट्ट, कट्ट आणि "सोडा". अकोल्याच्या पुढे तर काकी, गाडी कुठे थांबवायची, हेही सांगू लागल्या होत्या. काका मुकाट्याने थांबवत होते.

राजूरचा चढ मी परसात इतक्यांदा पाहिला होता, की तो मला ओळखीचा वाटला. घरासमोर मोटार थांबली. ओट्यावर एक वाळलेली म्हातारी डोळ्यांवर आडवा हात धरून बसली होती. मी दगड घट्ट धरला आणि उडी टाकायच्या तयारीत एक पाय बाहेर काढला. काकींनी डाव्या हाताने दांडा ओढला आणि त्या हळूच म्हणाल्या, "सोडा."

मागून मला काकांचा उजवा गुडघा दिसत होता. तो वर उचलला गेला. काकांनी दांड्याकडे पाहिले नाही, मागे पाहिले नाही. गाडी उभी राहिली.

मी काकींच्या डाव्या हाताकडे पाहिले. मग मांडीवरच्या दगडाकडे. पावणेसात किलो, हे मीच तोलून काढलेले वजन. "हाताला सवय हाय त्येची," काका म्हणाले होते; आणि तो दगड चाकाला लावताना त्यांचा हात मी एकदाही पाहिलेला नव्हता.

पुढे मुंबईचे पत्र आले, मी गेले, आणि केसाएवढ्या फरकासाठी महिनोन्‌महिने राबणारी माणसे पाहिली. पण यंत्र वापरणाऱ्या हाताचे माप इतके अचूक घेणारा, आणि ते घेतल्याचे इतके बेमालूम लपवणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

"या टायमाला तरी उतरले का गं जावई?" म्हातारीने ओट्यावरून विचारले.

"उतरले, उतरले," काकी म्हणाल्या. काका मोटारीला वळसा घालून काकींच्या बाजूला आले आणि त्यांनी हात पुढे केला, तोवर काकींनी दांड्यावरचा हात काढला नव्हता.

दुपारी पंगत बसली. काकींच्या भावजयीने काकांच्या ताटात गरम भाकरी वाढली. काकांनी ती क्षणभर पाहिली आणि अलगद उचलून बाजूला ठेवली.

"मला भातच वाढा."

"भाकरी सोडलीया त्यांनी," काकी आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. दोन वर्षांत मी त्यांना इतके खुशीत पाहिले नव्हते. "ब्रेकाचा दांडा भलतीकडं बसवला. आता जन्मभर मला संगं हिंडायचं आलं. सायन्सबाईंनीच तर चूक काडली. इचारा त्यान्ला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. ती चूक नव्हती, हे सांगायला मी तोंड उघडले. समोरून काकांनी मान वर केली आणि भाताचे पातेले माझ्याकडे सरकवले.

"भात घ्या, सायन्सबाई," ते म्हणाले. "इकडचा भात लई चांगला आस्तो."