पस्तीस डिग्रीतली तट्टे इडली

२०२३ साल. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी मी एका आख्ख्या प्रयोगशाळेला इडलीने घाम फोडला. इडलीत मात्र दोष नव्हता, हे छातीठोक सांगते!

आम्ही म्हैसूरचे जुने मराठी. आजेसासरे रंगारी, निळ्या हातांनीच जेवायला बसायचे. घरात मराठी शब्द अडला की कन्नड धावून येतं. नात चैत्राचं तर प्रत्येक वाक्य मध्येच गाडी बदलतं. जयलक्ष्मीपुरमच्या एका दवाखान्यात ती जंतू तपासते. कुठला जंतू कुठल्या औषधाला भीक घालत नाही, हे शोधायचं. आमच्या यजमानांच्या, गुंडुरावांच्या पायाच्या जखमेपुढे तीन औषधं हरली, चौथं तिच्या लॅबने सांगितलं. म्हणून पाय राहिला.

त्या रविवारी ती म्हणाली, "अज्जी, पुण्याची मॅडम परीक्षा घ्यायला येणार. न सांगता जंतू देणार, आम्ही ओळखायचे. तट्टे बिघडले तर लॅबचं नाव मान्यतेच्या यादीतून कट!"

मग सहकारी चिदंबरला फोनवर, "तट्टे चार मिलीमीटर जाड हवेत, सगळे सारखे! सोमवारी रात्रभर उबेत ठेव, मंगळवारी सकाळी मॅडमसमोर बघू."

तट्टे म्हणजे ताटली. आणि इथे ताटलीएवढ्या इडलीलाही तट्टेच म्हणतात. रात्रभर उबेत आणखी काय ठेवतात, तुम्हीच सांगा! फक्त चार मिलीमीटर म्हणजे पापडच. मी मापात थोडी माणुसकी घातली.

"अंबे, तुला बोलावलंय का कुणी?" गुंडुरावांनी विचारलं.

"परीक्षकाचं पोट भरलं की पेन हलकं चालतं!"

मंगळवारी डबा घेऊन ऑटोने पोचले. जखमेच्या दिवसांपासून तिथे सगळे ओळखीचे. कुणी अडवलं नाही. खोलीत चिटपाखरू नाही. कोपऱ्यात काचेच्या दाराचं कपाट, वर आकडा लखलखतोय: ३५. वा, इडल्या गरम ठेवायची सोय! आत पिवळट जेलीच्या झाकलेल्या चकत्या होत्या. त्या उचलून खिडकीत ठेवल्या आणि डबा आत सरकवला.

तेवढ्यात चैत्रा आली.

"अय्यो अज्जी! हे काय केलंस?"

"तट्टे आणले!"

"माझे तट्टे कुठायत?"

मी खिडकीकडे बोट दाखवलं. त्या चकत्यांवरच परीक्षेचे जंतू वाढत होते! तिने माझे हात असे घासले, की आजेसासऱ्यांची नीळसुद्धा निघाली असती.

चिदंबर कुजबुजला, "चैत्रा, सुम्मने, गुपचूप परत आत ठेवू. कुणाला कळणार?"

तिने खिडकीतलं ऊन पाहिलं. मग म्हणाली, "उन्हात होते. उत्तर चुकीचं आलं आणि समोर अज्जाचा पाय असला तर?" आणि स्वतःच जाऊन पुण्याच्या मॅडमना, मृदुलाबाईंना घेऊन आली.

बाईंनी कपाट उघडलं. डब्याच्या वाफेने त्यांचा चष्मा धुकटला.

"चैत्रा, हे काय आहे?"

"इडली, मॅडम. परीक्षा पुन्हा घ्याल का?"

मी देवाचं नाव घेतलं. बाईंनी चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिलं, आणि एक दिवस मुक्काम वाढवला.

इडल्यांना मात्र दयामाया नाही! चकत्यांबरोबर डब्यासकट त्याही एका दणकट कुकरात गेल्या. जंतू मारून मगच फेकायचं म्हणे. दोनदा उकडूनही कुणाच्या तोंडी न लागलेली इडली मी आयुष्यात प्रथमच पाहिली.

दुसऱ्या दिवशी नव्या चकत्या बरोबर बोलल्या. जंतू ओळखला, कुठली औषधं चालतात तेही जुळलं. लॅब पास! शेरा एकच: "इनक्युबेटरला कुलूप लावावे."

त्या कुलपाची किल्ली आता चिदंबरच्या गळ्यात असते, अगदी मंगळसूत्रासारखी. गुंडुराव दोन्ही पायांनी बाजारात जातात आणि भाजी चुकीची आणतात. मृदुलाबाईंनी पुण्याहून तट्टे इडलीचं प्रमाण मागवलं. चैत्रा आता नंजनगूडच्या लॅबची तपासणी करायला जाते, आणि म्हणे कपाट उघडून आधी वास घेते.

आणि मी? तिच्या लॅबच्या दारावर एक पाटी लागलीय: चार पुडांचा डबा, त्यावर लाल फुली.

माझा पाच पुडांचा होता. तेव्हा तो नियम मला लागू नसावा.