शेपटीचा माणूस

लायोनेल कार्थ्यूने पिवळं जाकीट नॉर्मन बिडलच्या हातात दिलं, तेव्हा सिडमथच्या समुद्रकाठी सकाळचे नऊ वाजले होते. नॉर्मनच्या पोटात दुखायला तेव्हापासूनच सुरुवात झाली.

"आज शेपूट तुम्ही," लायोनेल म्हणाला. "मागे भरवशाचा माणूस लागतो हो."

निवृत्त मंडळींच्या या चालण्याच्या मंडळात नियम कडक होते. पुढे एक म्होरक्या, मागे एक शेपूट. शेपटाने कुणाच्याही पुढे जायचं नाही, सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्याही मागे राहायचं. आणि दोन वाटा जिथे मिळतात तिथे शेपूट पोचल्याशिवाय म्होरक्याने पाऊल पुढे टाकायचं नाही. नियमाविरुद्ध नॉर्मनची काही तक्रार नव्हती. तीस वर्षं पाणीखात्यात कारकुनी केलेला माणूस, नियमांवरच वाढलेला. पण आजचा म्होरक्या लायोनेल होता, आणि त्याच्या शेजारी लाल लोकरी टोपी घालून उभी होती ती डोरीन, नॉर्मनशी एकेचाळीस वर्षं संसार केलेली त्याची बायको.

हा लायोनेल मंडळात आल्यापासून घरात दुसरं नाव ऐकू येत नव्हतं. लायोनेल जहाजावर अधिकारी होता. लायोनेल घरी पाव भाजतो. लायोनेल म्हणतो, चहात दूध आधी घालू नये. साडेसहा फूट उंची, पांढरी दाढी, त्यात विधुर. नॉर्मनला दाढी नव्हती आणि तो विधुरही नव्हता. या दोन्हींपैकी एकाही बाबतीत त्याला काही करता येण्यासारखं नव्हतं.

"तू येतेस का मागे, माझ्याबरोबर?" त्याने हळूच विचारून पाहिलं.

"मागे? मागे सगळे रेंगाळतात. माझे पाय गारठतात," असं म्हणून डोरीन निघालीसुद्धा.

चौदा जणांची रांग सीटनच्या दिशेने पहिला कडा चढू लागली. सगळ्यांत हळू होत्या विनिफ्रेड टॉली, सत्तरीच्या, गोऱ्या-गुबगुबीत, कायम हसतमुख. त्यांना चालण्याचा कंटाळा नव्हता, पण वाटेवरच्या बाकांची फार माया होती. दर फर्लांगाला कुणाच्या तरी स्मरणार्थ ठेवलेला एक बाक, त्यावर पितळी पट्टी. बाई थांबत, चष्मा काढत, पुसत, परत लावत आणि पट्टी वाचत.

"'आर्थर आणि पेग, यांना इथला देखावा फार आवडे.' बघा ना मिस्टर बिडल, आणि आता पुढे एवढी झुडपं माजलीत! बिचाऱ्या पेगला काय वाटत असेल?"

नॉर्मनला पेगचं काही वाटत नव्हतं. त्याला पुढच्या टेकडीवर लाल टोपी आणि पांढरी दाढी शेजारी शेजारी दिसत होती. पण परक्या बाईला 'जरा पाय उचला' असं म्हणणं त्याच्या आईने शिकवलेल्यात बसत नव्हतं. म्हणून तो सूचकपणे खाकरला. बाईंनी त्याला घशाची गोळी दिली. त्याने पुन्हा खाकरून पाहिलं, तर बाईंनी अख्खी डबीच दिली.

त्यात एक फाटक आलं. बाईंसाठी नॉर्मनने ते उघडून धरलं, तेवढ्यात समोरून दुसऱ्याच कुठल्या तरी मंडळाचे लोक आले. उघडं धरलेलं फाटक कुणाच्या तोंडावर सोडतात का? पंचवीस माणसं एकामागून एक त्यातून गेली. प्रत्येकाने आभार मानले, प्रत्येकजण पाऊस लांबला याबद्दल एकेक वाक्य बोलला आणि प्रत्येकाला नॉर्मनने "हो ना, नशीबच," असं उत्तर दिलं. शेवटचा माणूस गेला, तेव्हा लाल टोपी मसुरीच्या दाण्याएवढी झाली होती.

ब्रॅन्सकमच्या किनाऱ्यावर दोघं पोचले, तेव्हा बाकी मंडळी जेवून, डबे आवरून उठत होती.

"आलात! वा! चला तर मग," लायोनेल उत्साहाने म्हणाला.

"लायोनेलने घरी केलेला आल्याचा केक होता," डोरीन ओठांवरचा चुरा टिपत म्हणाली. "तुला ठेवणार होते रे, पण संपला."

नॉर्मनचं सँडविच डोरीनच्या पिशवीतच राहिलं. त्याच्या अंगाची लाही लाही होत होती, तोच पुढे कुंपणाशी लायोनेलने हात पुढे केला आणि डोरीन तो हात धरून पायरीवरून पलीकडे उतरली. पायरी वीतभर उंच होती. डोरीन घरी शिडीवर चढून छताला रंग देते.

इथून दोन वाटा फुटत होत्या. एक कड्यावरून, एक कड्याखालच्या झुडपांतून. पुढे दोन्ही एकत्र मिळत. मंडळी वरच्या वाटेने गेली.

"आपण खालून जाऊ," नॉर्मन म्हणाला. "जवळ पडतं."

"पण शेपटाने असं..."

"चालतं हो कधीतरी!" नॉर्मन म्हणाला आणि आपल्याच तोंडचं वाक्य ऐकून दचकला.

खालच्या वाटेवर बाक नव्हते. आणि बाक नसले की विनिफ्रेडबाई चालतात म्हणजे काय चालतात! नॉर्मनला धाप लागली. शेवटी तीसेक पायऱ्यांचा खडा चढ होता, तिथे तेवढा त्याने बाईंचा दंड धरला. वर, दोन्ही वाटा मिळतात तिथे आले, तर कुणीच नाही. कुत्र्याला फिरवणारे एक आजोबा भेटले.

"आमची माणसं गेली का हो इथून? डझनभर?"

आजोबांनी कुणाला बघितलं नव्हतं. पण एवढ्या धापा टाकणाऱ्या माणसाला निराश कसं करायचं? "गेली असतील की. मघाशीच," ते म्हणाले.

झालं. नॉर्मन बाईंना घेऊन जो सुटला, तो चाल जिथे संपायची त्या सीटनच्या समुद्रकाठीच थांबला. चार वाजले होते. तिथेही कुणी नव्हतं. त्याचा फोन डोरीनच्या पिशवीत होता. विनिफ्रेडबाईंचा घरी कपाटात होता, हरवू नये म्हणून.

पाच वाजले. वारा सुटला. बाई कुडकुडू लागल्या, तेव्हा नॉर्मनने आपला कोट काढून त्यांच्या खांद्यांवर टाकला. भूक तर सकाळपासूनची. त्याने बटाट्याच्या गरम चिप्सचा एक पुडा आणला आणि दोघं दोन लाकडी काट्यांनी तो खात बसले.

सहाला मंडळी आली. डोरीनची टोपी नाहीशी झाली होती, हातांवर काट्यांचे ओरखडे होते. वाटा मिळाल्या तिथे लायोनेल नियमाप्रमाणे सव्वा तास उभा राहिला होता. मग तो शेपूट शोधायला खालच्या झुडपांत उतरला आणि नवरा हरवला म्हणून डोरीनही त्याच्याबरोबर गेली. दोघंच. हे कळल्यावर नॉर्मनने कपाळावर हात मारला. बायकोला लायोनेलबरोबर रानात धाडण्याचं काम त्याने स्वतःच केलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

डोरीनने पुड्याकडे पाहिलं. कोटाकडे पाहिलं.

"वारा बराच आहे नाही, मिसेस टॉली?" ती म्हणाली. बाजूचे दोघे जण लगबगीने बुटांचे बंद बांधू लागले.

"फारच! पण मिस्टर बिडल असताना कसली काळजी?" बाई हसून म्हणाल्या. "चढावर तर दंडच धरून ठेवला होता माझा!"

परतीच्या बसमध्ये डोरीन खिडकीबाहेर बघत होती. नॉर्मनने तीनदा माफी मागितली. मग राहवेना म्हणून विचारलं, "लायोनेलबरोबर गप्पा छान झाल्या असतील."

"टोमॅटो!" डोरीन कडाडली. "सकाळपासून टोमॅटोवरचा करपा! झुडपांत उतरलो तरी करपाच. मी तुझ्या नावाने हाका मारतेय आणि हा फवारणी सांगतोय!"

नॉर्मनच्या छातीवरचं दिवसभराचं ओझं उतरलं.

"पुढच्या खेपेला शेपटात मीही येणार," डोरीन म्हणाली.

"पाय गारठतील तुझे."

"गारठू देत." ती थोडा वेळ बोटातला काटा काढत बसली. मग खिडकीकडेच बघत तिने विचारलं, "दंड... कितीसा वेळ धरला होतास?"

एकेचाळीस वर्षांत डोरीनने असलं काही पहिल्यांदाच विचारलं होतं. नॉर्मनला तीस पायऱ्या आठवल्या. त्या चढायला लागलेलं एक मिनिट आठवलं. तो पाणीखात्यातला माणूस होता, आकडा चुकीचा सांगणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"बराच वेळ," तो म्हणाला. "चढ मोठा होता गं."