अंड्यातला एकोपा

एका जंगलात कुजक्या पानाखाली कृमीचं एक अंडं होतं. डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक. म्हणून मुलांनो, पाऊल जपून टाका. मी तर हल्ली पानांवर पायच देत नाही.

अंड्याला पुढची बाजू नव्हती, मागचीही नव्हती. आणि थोड्याच वेळात त्याचे दोन भाग व्हायचे होते. एका भागातून डोकं, दुसऱ्यातून शेपूट. कुठलं कुठून, हे आधी ठरलं नाही तर बाळ संपलंच.

हे ठरवायचं काम अंड्याच्या भिंतीला आतून चिकटून राहणाऱ्या प्रथिनांचं. त्यांची घराणी दोन. डोकं घडवणाऱ्या पुढच्यांचे म्होरके दाजिबा. शेपूट घडवणाऱ्या मागच्यांच्या पारूबाई, जरा दचकणाऱ्या.

दोन्ही घराण्यांना एकच खोड. समोरचा हाताशी आला की त्याला फॉस्फेटची टिकली चिकटवायची. टिकली लागली की भिंतीवरची पकड सुटायची आणि तो धप्पकन मधल्या चिखलात.

"आमच्या बाजूला यायचं नाही!" सारखं हेच.

अंड्यातले वडीलधारे केंद्रकराव. त्यांना हा कलकलाट सोसेना.

"शोभतं का हे? एका अंड्यातले ना तुम्ही? टिकल्या जमा करा इथे. आजपासून सगळ्यांनी सगळीकडे राहायचं!"

टिकल्यांचा ढीग पडला. दोन्ही घराणी गळ्यात गळे घालून भिंतभर पसरली. हार झाले, भाषणं झाली.

तेवढ्यात अंड्याची कंबर आवळायला लागली.

"अहो, डोकं कुठल्या बाजूला?" केंद्रकरावांनी विचारलं.

"पारूबाई सांगतील," दाजिबा म्हणाले.

"छे हो दाजिबाभाऊ, तुम्ही मोठे."

"असं कसं? तुमची बाजू तीच आमची बाजू."

कंबर आणखी आवळली. बाळाला तोंड कुठे फुटायचं, कुणीच सांगेना. पारूबाई रडकुंडीला आल्या. दाजिबांनी धीर द्यायला मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अगं बाई गं!"

पारूबाई दचकल्या त्या अशा, की ढिगातली टिकली उचलून त्यांनी दाजिबांच्या कपाळावरच चापटली. दाजिबा धप्पकन चिखलात.

"एकोप्यात टिकली?" दाजिबा खालून ओरडले. "आणा रे आपल्या टिकल्या!"

मग काय, चटाचट चटाचट! पारूबाई उभ्या होत्या त्याच टोकातून बाळाच्या बाबांकडचा शुक्राणू आत शिरला होता. त्यामुळे तिथे मागच्यांची पकड मुळातच घट्ट. ते त्या टोकावरून हलेनात, पुढचे दुसऱ्या टोकावरून हलेनात. मधे आपोआप सीमा पडली आणि अंडं तिथेच दुभागलं. दाजिबांकडे डोकं, पारूबाईंकडे शेपूट.

पुढे बाळ जन्मलं, तोंडाकडून खाऊ लागलं. केंद्रकरावांनी अहवालात लिहिलं, "एकोप्यामुळे डोकं वेळेत पूर्ण झालं."

तात्पर्य: जिथे सगळ्यांचं सगळ्यांशी पटतं, तिथे डोकं उगवत नाही. म्हणून मुलांनो, रोज थोडं थोडं भांडा. फक्त आईला सांगताना माझं नाव घेऊ नका.